लिंबाजीची पोर

पहिल्याच संध्याकाळी, शास्त्रीय गायन रंगात आलेलं असताना, पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, आम्ही त्यांचं गाणं ऐकायला आलोय." पौर्णिमाला आधी उमगलंच नाही, की हे आपल्याला आहे. तिनं शेजारी पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मग लक्षात आलं, की आपले ओठ मिटलेले असले तरी घशात काहीतरी चाललं होतं. गायिकेच्या आलापाच्या मागून, जरा खालच्या पट्टीत, कुणी न बोलावता जोडीनं चालायला लागावं तसं. ती "सॉरी" म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि पुन्हा पुढे बघायला लागल्या. बाई कॉलेजच्या प्राचार्यांच्या पत्नी होत्या. त्यांच्या अंबाड्यावरचा गजरा मग शेवटपर्यंत पौर्णिमाच्या डोळ्यांसमोर डुलत राहिला आणि गाणं तिला ऐकूच आलं नाही. ती दात आवळून बसली होती. बाईंचा राग आला होता, पण तो वरवरचा. त्या बिचाऱ्या चुकीचं काय बोलल्या? राग होता त्या 'सॉरी'चा. ते इतकं चटकन निघालं होतं, जसं काही तोंडाशी कायमचं तयारच ठेवलेलं असावं. आणि त्याहून मोठा राग त्या घशाचा. इतकी वर्षं हा मुका होता. भांडी घासताना नाही, शेवया करताना नाही, पोटच्या पोराला झोपवतानासुद्धा तिनं कधी ओळ म्हटली नव्हती. नुसतं थोपटून झोपवलं होतं. आणि आज यानं चार लोकांत, तिला न विचारता तोंड उघडलं.

ती काही हौसेनं आलेली नव्हती. विठ्ठलरावांचं अमृतमहोत्सवी वर्ष होतं, आणि अंबाजोगाईत त्यांच्या संस्थेच्या कॉलेजच्या मैदानावर आठवडाभर रोज संध्याकाळी कार्यक्रम ठेवले होते. गायन, गोंधळ, नाटक, कव्वाली, ऑर्केस्ट्रा. खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत म्हणून सगळ्या स्टाफला सहकुटुंब यायला सांगितलं होतं. पौर्णिमाचा नवरा नवनाथ त्याच कॉलेजात क्लार्क. त्याला छातीवर बिल्ला लावून मांडवाच्या दाराशी उभं केलं होतं, आणि सहकुटुंब म्हणजे पौर्णिमा; पोरगा शिकायला बाहेरगावी. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर. सकाळची ड्युटी संपवून घरी यायचं, दोन घास खायचे, साडी बदलायची आणि जाऊन खुर्चीत बसायचं. "नुसतं बसायचं हाय," नवनाथ म्हणाला होता, "ऐकलंच पाहिजे असं कुठं हाय?" दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका म्हातारीचा मुलगा मोबाईलवर गाणं लावून बसला होता, तर पौर्णिमानं तो मोबाईल हिसकून टेबलावर आपटला. सगळा वॉर्ड बघत राहिला. तो पोरगा माफी मागायला लागला तसा तिला आणखी राग आला. तिला म्हणायचं होतं, माफी कशाला मागतोस बे, भांड की माझ्याशी.

ती गाणारी होती हे आता फारसं कुणाला माहीत नव्हतं. नवनाथला माहीत होतं, पण ऐकीव. तिचा बाप लिंबाजी शाहीर. एप्रिल लागला, जयंत्या सुरू झाल्या, की बापलेकीचा मुक्काम घरी नसायचा. आज सिरसाळ्याला, उद्या आणखी कुठं, जिथं जिथं बुद्धविहारापुढे चार बांबूंचा मंडप पडायचा तिथं टेम्पोतून लिंबाजीची गायन पार्टी उतरायची. पेटी, ढोलकी, टाळ, मागे सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांची जोडी, आणि पुढं पौर्णिमा. माईकपर्यंत तोंड पोचायचं नाही म्हणून तिला तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभं करायचे. डबा जरा दबायचा, पायाखाली टणकन वाजायचा, आणि तो आवाज माईकमधून साऱ्या गावभर जायचा, आणि लोक हसायचे. मग ती तोंड उघडायची. त्यानंतर कुणी हसायचं नाही. समोर बाया पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या, आणि बाबासाहेबांचं नाव आलं की त्यांच्यातली एखादी पदर डोळ्याला लावायची; ते पौर्णिमा डब्यावरून बघत राहायची. आपण तोंड उघडलं आणि एवढी मोठी बाई रडली. त्या वयात एवढी ताकद कुणाच्या हातात येते? तेराव्या वर्षी तिनं एका गाण्याला स्वतः चाल लावली होती. शब्द बाचे. बाची चाल जड होती, बैलगाडीसारखी. तिनं जात्यापाशी बसल्या बसल्या ती मोडून वेगळीच म्हटली. लिंबाजी दारात बिडी ओढत होता. त्यानं बिडी विझवली, आत आला, म्हणाला, "परत म्हन." तिनं म्हटली. दुसऱ्या दिवशी पार्टीत तीच चाल वाजली.

आणि मग एका सकाळी टेम्पो आला, पार्टी चढली, आणि लिंबाजीनं शहादेवला वर घेतलं. धाकट्या भावाला. नऊ वर्षांचा, नाकाला शेंबूड असलेला. पौर्णिमा तयार होऊन दारात उभी होती, पांढरा फ्रॉक, निळी फीत. बापानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेम्पो गेला. माय म्हणाली, "घरात ये." एवढंच. पुढच्या महिन्यात त्या फ्रॉकच्या उशीच्या खोळी झाल्या. कुणी कारण सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही, कारण ते तिला आपोआप कळल्यासारखं वाटलं: त्याच सुमारास ती शहाणी झाली होती. पोरगी मोठी झाली, आता चार पुरुषांत कशाला, संपलं. स्टेजवरून समतेची गाणी म्हणणाऱ्या बापानं घरात पोरीचं तोंड शिवलं. हे तिनं मनात असं पक्कं करून ठेवलं, की पुढं बापाशी तिचं बोलणंच कामापुरतं झालं. नर्सिंगला घातलं तेव्हाही तिनं आभार मानले नाहीत. तो गेला तेव्हा सगळ्यांनी रडून घेतलं, ती पाहुण्यांच्या चहाचं बघत राहिली. शहादेव मोठा झाला, त्याचं नाव झालं, आता त्याची स्वतःची पार्टी होती, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाली, यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ होते. त्यातला एकही तिनं उघडून पाहिला नव्हता.

सप्ताह चालू राहिला. गोंधळ्यांचं संबळ कडाडलं तेव्हा तिच्या मांड्यांत झिणझिण्या आल्या. तिनं पर्स दोन्ही हातांनी धरून ठेवली. बीडहून आलेल्या कव्वालांनी टाळ्यांचा असा काही ठेका धरला, की मांडवातली पोरंटोरंसुद्धा हलायला लागली. ती ताठ बसून राहिली. रोज ती चिडून घरी यायची आणि रोज दुसऱ्या दिवशी जायची. नवनाथ म्हणाला, "न्हाई आलीस तरी चालंल आज." ती म्हणाली, "येणार." तिला स्वतःलाच कळत नव्हतं, आपण कशासाठी जातोय. जखमेवरची खपली काढत बसावं तसं ते होतं. एक गोष्ट मात्र तिनं रोज पाहिली. सगळ्यात पुढं, पांढऱ्या खोळीच्या सोफ्यावर विठ्ठलराव बसायचे. आजूबाजूचे पुढारी फोनवर बोलायचे, बिसलेरीच्या बाटल्या उघडायचे, फोटो झाला की उठून जायचे. विठ्ठलराव हलायचे नाहीत. डोळे मिटून, डोकं जरा कलतं करून ऐकत राहायचे, आणि जागा चांगली आली की हात नकळत वर जायचा. या सबंध मांडवात खरं ऐकणारा हा एकच माणूस, असं तिच्या मनात येऊन गेलं. एकदा तर असंही आलं, की माझ्या बापाला एवढे कान असते तर.

सहाव्या दिवशी शहादेवचा कार्यक्रम होता. 'समता संध्या' असं फलकावर लिहिलं होतं. तो घाटनांदूरहून पार्टी घेऊन आला आणि मायलाही बरोबर घेऊन आला. माय म्हणजे दगडाबाई, आता पार वाकलेली, पण कान तिखट. ती पौर्णिमाच्या शेजारी बसली. शहादेवनं झगमगीत कोट घातला होता. आवाज खरंच चांगला होता, हे पौर्णिमाला मान्य करावं लागलं आणि त्याचाही राग आला. मग कीबोर्डवर एक सुरावट आली आणि ती खुर्चीच्या कडेला सरकली. ती जात्यापाशी बसून लावलेली चाल. तिचीच. मधली ती वळणाची जागा, जिथं ती श्वास चोरून घ्यायची, तीसुद्धा तशीच. शहादेव माईकवर म्हणाला, "शब्द आणि चाल, माझे वडील लोकशाहीर लिंबाजी." टाळ्या पडल्या. गाणं संपल्यावर विठ्ठलराव स्वतः उठले, काठी टेकत स्टेजवर गेले आणि शहादेवच्या गळ्यात हार घातला, अंगावर शाल टाकली. शहादेव वाकला. त्यानं विठ्ठलरावांच्या पायाला हात लावला. पौर्णिमा मायकडे वळून काहीतरी बोलणार होती, पण मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून तोंड झाकलं होतं. पौर्णिमाला वाटलं, म्हातारी पोराच्या कौतुकानं रडतेय.

मायलेक रात्री पौर्णिमाकडेच राहिले होते, आणि दुसऱ्या दिवशी तिची ड्युटी नव्हती. सकाळी माय चुलीपाशी बसावं तशी गॅसच्या ओट्याखाली पाटावर बसून लसूण सोलत होती. शहादेव अजून झोपलेला. नवनाथ बाहेर पेपर वाचत होता. पौर्णिमानं भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ न वळवता म्हणाली, "माय, ती चाल माझी होती."

"हाय की. मला ठाव न्हाई व्हय?"

"मग माझं गाणं कावून बंद केलं? पोरगी न्हाणवली म्हणून? जगाला समता सांगायची आन् घरात..."

"त्येच्यासाठी न्हाई केलं."

"मग?"

माय लसूण सोलत राहिली. मग तिनं पाकळ्या ताटलीत ठेवल्या आणि फडक्याला हात पुसले. "तू चाल लावलीस त्या वर्साला एका गावाला गेलता तुमी. जिमीनदाराच्या दारापुढंच कारेक्रम झाला. त्यो म्होरं बसून ऐकीत व्हता, लई खूश झाला. दुसऱ्या दिशी त्येचा गडी जीप घिऊन आला. म्हनला, पोरीला सांजच्याला मळ्यावर धाडा. सायबाला एकट्याला गानं ऐकायचंय."

भाकरी करपायला लागली होती. पौर्णिमानं ती उलटली नाही.

"तुझा बा म्हनला, पोरीला ताप आलाय. तसाच तुला घिऊन पायी निघाला. पर जीप आपल्या गावाला बी आली. दोनदा, तू साळंत असताना. घरापुढं हुबी राह्यची, हारन वाजवायची. मंग काय करावं? कुनाला सांगावं? पोलीस ठानं त्येचं, सरपंच त्येचा. पोरगी आता गात न्हाई, गळा गेला तिचा, असं बानं साऱ्या मुलखात सांगितलं. तवा थांबली जीप."

"मला का न्हाई सांगितलं?" तिचा आवाज इतका चढला, की बाहेर पेपरची पानं वाजायची थांबली. "एवढी वर्षं! मी त्याच्याशी बोलले न्हाई धड. तो मेला तरी मी..."

"मी म्हनलं त्येला, सांग तिला. त्यो म्हनला, नगं. कळलं तर पोर भेल, जल्मभर भीत ऱ्हाईल. माझ्यावर राग धरू दे. रागावलेलं मानूस चालत राहतंय." मायनं ताटली बाजूला सारली. "लई सोसलं त्येनं. तू पानी द्यायचीस ना तांब्या आदळून, तवा हसायचा. म्हनायचा, पोर अजून तिखट हाय."

पौर्णिमा ओट्याला धरून उभी राहिली. तिच्या रागाला इतकी वर्षं एक घर होतं, एक चेहरा होता, बिडीचा वास होता. तो चेहरा आता निघून गेला होता आणि राग तसाच, घरदार नसलेला, तिच्या छातीत धडका देत होता. "कोण होता तो?" तिनं विचारलं.

माय तिच्याकडे बघत राहिली, जशी काही ही मुद्दाम विचारतेय. "काल शहादेवला हार कुनी घातला?"

शहादेव उठून दारात आला होता. केस विसकटलेले, अंगात बनियन. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं. "तुला माहीत होतं," ती म्हणाली. तो दाराच्या चौकटीला टेकला. "माहीत होतं, आन् त्याच्या पाया पडलास?"

"आक्का, बानं मरताना सांगितलं मला. पर मी काय करू? ह्या भागात कुठलंबी स्टेज घे. गनपतीचं असू दे, जयंतीचं असू दे, शाळेचं असू दे. मांडव त्येंचा, माईक त्येंचा, न्हाईतर त्येंच्या पोराचा, न्हाईतर जावयाचा. मी न्हाई म्हनलो तर गाऊ कुठं? घरात?"

"हो," पौर्णिमा म्हणाली, "घरात. मी राहिले ना घरात?"

शहादेवनं मान खाली घातली. तो तोंडसुद्धा न धुता पार्टीच्या गाडीत जाऊन बसला. माय मात्र गेली नाही. ती म्हणाली, मी आज हितंच ऱ्हाते.

दुपारभर नवनाथ घरात येरझाऱ्या घालत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो सरळ माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. बापजाद्यांत पहिला पगार त्याचा, आणि तो विठ्ठलरावांच्या संस्थेचा. "आज समारोप हाय," तो म्हणाला. "तू नको येऊस. मी सांगतो बरं न्हाई म्हणून." 'ताप आलाय म्हणून सांग,' असं तिच्या ओठांवर आलं. ती साडी नेसत होती. तिनं निऱ्या खोचल्या, आणि तो म्हणाला, "पौर्णिमा, म्हातारा माणूस हाय. आज ना उद्या जाईल. काय मिळणार हाय?" ती म्हणाली, "तुझी नोकरी जाईल, हेच म्हणायचंय ना? मग तेच म्हण. म्हातारा हाय म्हणून सांगू नको. माझा बापसुद्धा म्हातारा होता." तो बिल्ला लावून तिच्याआधी निघून गेला, आणि त्याच्या पाठमोऱ्या, खाली गेलेल्या खांद्यांचाही तिला राग आला. त्या खांद्यांवर तिचाच संसार होता म्हणून जास्तच.

मांडव खचाखच भरला होता. ऑर्केस्ट्रावाले तारा जोडत होते. विठ्ठलराव येऊन सोफ्यावर बसले, हारांचा ढीग शेजारी, प्राचार्य वाकून काहीतरी सांगत होते. पौर्णिमा खुर्च्यांमधल्या लाल जाजमावरून सरळ चालत गेली. तिला कुणी अडवलं नाही; अशा कितीतरी बायका शुभेच्छा द्यायला येत होत्या. जवळून ते अगदी साधे दिसत होते. कानात केस, मनगटावर सुईच्या खुणा, पायांना सूज. असे पेशंट ती रोज बघायची. क्षणभर तिचा हात सवयीनं त्यांच्या नाडीकडे जाईल की काय असं तिला वाटलं, आणि त्या हाताचीही तिला चीड आली.

"साहेब, मी लिंबाजी शाहिरांची मुलगी."

विठ्ठलरावांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला. त्यात कुठं भीती नव्हती, चोरटेपणा नव्हता. खरोखरचा आनंद होता. "लिंबाजीची पोर! ती गानारी? अगं, लई गोड गळा तुझा. डब्यावर उभी राहून गायचीस." ते प्राचार्यांकडे वळले. "असा आवाज मी पुन्हा ऐकला न्हाई बघा." मग पुन्हा तिच्याकडे, मायेनं, "कावून सोडलंस गं गानं?"

ती दिवसभर मनात भांडत आली होती. ते नाही म्हणतील, ओळखणार नाहीत, ओरडतील, या सगळ्यांची उत्तरं तिच्याकडे होती. या प्रश्नाचं नव्हतं. त्यांना तिचा आवाज आठवत होता, डबा आठवत होता. बाकीचं त्यांच्या लेखी घडलंच नव्हतं. एक जीप गेली आणि रिकामी परत आली, एवढंच.

"तुम्ही जीप पाठवली म्हणून," ती म्हणाली.

"कसली जीप?"

"मळ्यावरची. गडी म्हणाला, पोरीला संध्याकाळी मळ्यावर पाठवा, साहेबांना एकट्याला गाणं ऐकायचंय. मी तेरा वर्षांची होते."

ती ओरडली नव्हती. पण वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा तिचा कामाचा आवाज होता, आणि पुढच्या रांगांना तो स्पष्ट गेला. कीबोर्डवाल्यानं हात उचलले. विठ्ठलरावांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं. "कुणीतरी कान भरलेत हिचे," ते म्हणाले, आणि काठी शोधायला लागले. प्राचार्य मध्ये आले. "ताई, आज साहेबांचा दिवस आहे. हे काय बोलताय?" मग मागे बघून त्यांनी हात केला. "नवनाथ! यांना घेऊन जा."

नवनाथ दारापासून निघाला. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. तो भराभर चालतही नव्हता आणि थांबतही नव्हता. पौर्णिमानं त्याच्याकडे बघितलं आणि मनाशी म्हटलं, यानं माझ्या दंडाला हात लावला तर संपलं, मग याच्याही घरात मला राहायचं नाही. तो जवळ आला. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता.

"चल," तो म्हणाला.

"माझं अजून संपलं नाही."

तो प्राचार्यांकडे बघत राहिला, मग विठ्ठलरावांकडे. "मग संपव," तो म्हणाला. "मी हाय इथं." आणि तिच्या शेजारी, जरा मागे, उभा राहिला.

विठ्ठलराव काठीवर भार देऊन अर्धे उठले होते. "बसा," पौर्णिमा म्हणाली. "गाणं ऐकायला बसता, तसे बसा." ते बसले. तिच्या सांगण्यावरून बसले, की सोफा खोल होता आणि गुडघ्यांनी साथ दिली नाही, कुणास ठाऊक. तिला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे आता ते नव्हतेच. तिच्यापुढे एक ढेकळांची वाट होती, दिवस कलायला आलेला, डोक्यावर पेटी घेतलेला एक माणूस रस्ता सोडून शेतातून चाललेला, आणि त्याच्या पाठीमागे फरपटत जाणारी ती. ती वाट तिला इतकी वर्षं आठवत होती, फक्त कशाची ते माहीत नव्हतं.

"त्या दिवशी माझ्या बापानं माझा हात इतका घट्ट धरला होता," ती म्हणाली, "की बांगड्या पिचल्या. रक्त आलं तरी त्यानं सोडला नाही. मी रडत होते आणि तो मागे वळून बघत नव्हता. मला वाटलं, काल माझा सूर चुकला, म्हणून हा चिडलाय."